आत्मसन्मानाची लस

मागच्या व्याख्यानानंतर दोघातिघा शिक्षकांनी मला गाठून एकच प्रश्न विचारला. मुलांचा आत्मविश्वास आधी वाढवायचा, की आधी अभ्यास पक्का करून घ्यायचा? मी तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं, ते अर्धवट होतं. म्हणून आज त्या प्रश्नाचा इतिहासच सांगतो. एका सरकारनं हा प्रश्न चक्क समिती नेमून सोडवायला घेतला होता. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, १९८६ साली.

पण तिथं पोचण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

१८९० साली विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा मोठा ग्रंथ आला. त्यात त्यानं आत्मसन्मानाचं एक साधं सूत्र मांडलं. एक अपूर्णांक. अंशस्थानी यश, छेदस्थानी अपेक्षा. जेम्स स्वतःचंच उदाहरण देतो. मानसशास्त्रात कुणी माझ्यापेक्षा जास्त जाणतो असं कळलं तर मला वाईट वाटेल, पण ग्रीक भाषा मला येत नाही याचं काहीच वाटत नाही. ग्रीक येणं ही त्याची स्वतःकडून अपेक्षाच नव्हती. आता या अपूर्णांकाची किंमत वाढवायचे मार्ग दोन. अंश वाढवा, नाहीतर छेद कमी करा. पुढे लोकांनी तिसरा मार्ग शोधला. अंशाला आणि छेदाला हातच लावायचा नाही, उत्तर मोठं आहे असं जाहीर करून टाकायचं! आजची सगळी गोष्ट या तिसऱ्या मार्गाची आहे.

त्यानंतर मॅस्लो. तुमच्यापैकी ज्यांनी डी.एड., बी.एड. केलंय त्यांनी त्याचा त्रिकोण वहीत नक्की काढलेला असणार. तळाला अन्न-पाणी, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग आत्मसन्मान, आणि टोकाला आत्माविष्कार. गंमत अशी, की तो त्रिकोण मॅस्लोनं काढलेलाच नाही. त्याचा मूळ लेख १९४३ सालचा, त्यात आकृती नाही. त्रिकोण छापला १९६० साली चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागारानं, उद्योगधंद्यांसाठीच्या एका नियतकालिकात. त्याच्या लेखाचा विषय होता, पैसा माणसाला कामाला कसा लावतो. तेच चित्र आपण परीक्षेत पाच मार्कांना काढत आलो.

त्रिकोणात एका गरजेसाठी एकच पट्टा असतो आणि त्यात एकच शब्द मावतो. मूळ लेखात मॅस्लोनं आत्मसन्मानाच्या गरजेला एक अट जोडली आहे. पक्का आत्मसन्मान उभा राहतो तो खऱ्या क्षमतेवर, प्रत्यक्ष करून दाखवलेल्या कामावर आणि लोकांनी दिलेल्या आदरावर. पट्ट्यात ‘आत्मसन्मान’ राहिला, अट गळाली.

असंच दुसऱ्या एका पुस्तकाचं झालं. स्टॅन्ली कूपरस्मिथ या कॅलिफोर्नियातल्याच मानसशास्त्रज्ञानं पाचवी-सहावीतल्या मुलग्यांचा आणि त्यांच्या घरांचा अभ्यास केला, पुस्तक १९६७ साली आलं. ज्या मुलांचा आत्मसन्मान चांगला होता, त्यांच्या घरी माया होतीच, पण नियमही स्पष्ट होते आणि ते पाळून घेतले जात. लोकांनी माया तेवढी लक्षात ठेवली.

आता १९८६. जॉन वास्कोन्सेलोस हे कॅलिफोर्निया विधिमंडळातले वजनदार सदस्य. राज्याच्या खर्चावर देखरेख करणाऱ्या समितीचे अध्यक्ष, म्हणजे त्यांना नाराज करणं कुणाला परवडणारं नव्हतं. शाळेत पहिल्या नंबरात, पुढे यशस्वी वकील, १९६६ पासून आमदार. आणि हेच गृहस्थ लिहितात, की इतकं सगळं मिळवूनही मला स्वतःची किंमत वाटत नव्हती. आठवीत ते वर्गाच्या अध्यक्षपदासाठी उभे होते आणि एका मतानं हरले. ते एक मत त्यांचं स्वतःचं होतं, त्यांनी समोरच्याला दिलं होतं.

मला हा माणूस आवडतो. त्याच्यावर हसणं सोपं आहे, आणि लोक हसलेही. पण मुलाला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं की त्याचं काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याची कळकळ समजेल.

त्यांचं म्हणणं असं होतं, की गुन्हेगारी, व्यसनं, कोवळ्या वयातली गर्भारपणं, बालकांचा छळ, शाळेतलं अपयश, या सगळ्याच्या मुळाशी आत्मसन्मानाचा अभाव आहे. तो भरून काढला तर या रोगांवर जणू सामाजिक लस सापडेल, आणि राज्याचा पैसाही वाचेल. हा पैशाचा मुद्दा गव्हर्नर ड्यूकमेजियन यांच्यासाठी होता, ते विरोधी पक्षाचे आणि हात आखडून खर्च करणारे. २५ जणांची समिती नेमली गेली. तीन वर्षं, दर वर्षी २ लाख ४५ हजार डॉलर. १९८७ साली ‘डून्सबरी’ या व्यंगचित्रमालिकेनं समितीची यथेच्छ टिंगल केली, त्यामुळे ती देशभर माहीत झाली.

समितीनं कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासकांना पुरावे तपासायला सांगितले. हे प्रामाणिकपणाचं होतं. पण पुरावा काय निघाला? १९८९ साली त्यांचा ग्रंथ आला. त्याच्या प्रस्तावनेत समाजशास्त्रज्ञ नील स्मेल्सर यांनी सभ्य भाषेत कबूल केलं, की आत्मसन्मान आणि त्याचे अपेक्षित परिणाम यांतला संबंध फार कमजोर दिसतो, कुठे कुठे दिसतच नाही. त्याच ग्रंथाच्या संपादकांत वास्कोन्सेलोस यांचंही नाव आहे. तरी १९९० साली समितीचा अहवाल आला तो लसीची आशा घेऊनच.

खरं म्हणजे इशारा आधीच मिळाला होता. १९६६ साली दहावीत असलेल्या मुलग्यांच्या मोठ्या गटाचा बॅकमन आणि ओमॅली यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला होता. १९७७ साली त्यांनी लिहिलं, की शिक्षण आणि आत्मसन्मान हातात हात घालून दिसतात खरे, पण त्याचं कारण बहुतांशी दोघांच्याही मागे असलेली घरची परिस्थिती, बुद्धी आणि आधीचे मार्क. पुढे २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळून पाहिलं. स्वतःबद्दल चांगलं वाटणारी माणसं जास्त आनंदी असतात, हे त्यांना मान्य. पण आत्मसन्मान फुगवला म्हणून मार्क वाढतात याला आधार सापडला नाही. उलट अभ्यास जमला की आत्मसन्मान थोडा वर जातो.

अहवालातली व्याख्या मात्र मुद्दाम वाचण्यासारखी आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिला, स्वतःचं मोल जाणणं. दुसरा, स्वतःच्या वागण्याचा जबाब देणं आणि इतरांशी जबाबदारीनं वागणं. शाळांमध्ये पोचला तो पहिला भाग.

तो आपल्याकडेही आला, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतून आणि उन्हाळी शिबिरांतून. मी सातवीला गणित शिकवत असताना एक मुलगी अशाच एका शिबिरातून आली. तिथं रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी हुशार आहे, मी यशस्वी होणारच’ असं म्हणायचं असे. घरी आल्यावरही तिनं ते चालू ठेवलं. पहिल्या चाचणीत तिला २० पैकी ३ मिळाले. तिनं १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ केली होती. पेपर घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, मी तर रोज म्हणत होते, मग असं कसं झालं?”

मी काय केलं? तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, “अगं, तू हुशारच आहेस, काळजी करू नकोस.” झालं! शिबिरानं केलं तेच मीही केलं. त्यानंतर ती वर्गात काही विचारेनाशी झाली. हुशार म्हणवून घेतलेल्या मुलीनं चूक दाखवायची कशी?

दिवाळीनंतर मी कागदाच्या पट्ट्या आणल्या. एकीच्या घडीनं दोन भाग, दुसरीचे तीन, तिसरीचे सहा. तिला हुशार वगैरे काही म्हटलं नाही, नुसतं विचारलं, अर्ध्यात सहावे भाग किती बसतात? चार-पाच दिवस गेले यात. मग एके दिवशी तिनं ५/६ लिहिलं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि शेजारच्या मुलीची वही ओढून म्हणाली, “थांब, तुझं कुठे चुकतंय ते मी सांगते.”

प्रश्न असतील तर घेऊ या.