आदामाचे पाप आणि कोकणचा किनारा

माणूस जन्मतःच पापाच्या अवस्थेत असतो, ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक पायाभूत शिकवण आहे. या अवस्थेला मूळ पाप किंवा आदिपाप म्हणतात. तिचा आधार बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील कथेत आहे. देवाने आदाम आणि हव्वा यांना एदेन बागेत ठेवले व बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ खाऊ नये, अशी आज्ञा केली. सापाच्या बोलण्याला भुलून दोघांनी ते फळ खाल्ले. त्यांना बागेतून बाहेर काढण्यात आले आणि कष्ट, प्रसूतिवेदना व मृत्यू माणसाच्या वाट्याला आले.

ही कथा पनवेल आणि भोवतालच्या कोकणपट्टीत वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या समाजांबरोबर रुजली. पोर्तुगीज धर्मगुरूंनी ती सोळाव्या-सतराव्या शतकात सांगितली, अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात छापली, आणि पनवेल, अलिबाग, रेवदंडा येथील बेने इस्रायल या यहुदी समाजाने ती आपल्याच पूर्वजांच्या धर्मग्रंथातील कथा म्हणून वाचली. कथा एकच असली, तरी तिच्यातून निघणाऱ्या निष्कर्षांवर या किनाऱ्यावर जवळजवळ चारशे वर्षे वाद होत राहिला.

‘उत्पत्ति’मध्ये मूळ पाप हा शब्द कोठेही नाही. त्या कथेला सिद्धान्ताचे रूप प्रथम संत पौलाने दिले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याने आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभे केले: एका माणसाच्या आज्ञाभंगामुळे पाप व मृत्यू जगात शिरले, तर एका माणसाच्या आज्ञापालनामुळे तारण मिळाले. चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन (354–430) याने हा विचार पुढे नेला. आदामाचा दोष वंशपरंपरेने प्रत्येक अर्भकात उतरतो, त्यामुळे माणसाची इच्छाशक्ती स्वतःच्या बळावर चांगल्याकडे वळू शकत नाही आणि देवाच्या कृपेवाचून तिला गत्यंतर नाही, असे त्याचे मत होते. ब्रिटनमधून आलेल्या पेलाजियस या तपस्व्याला हे मान्य नव्हते. आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, पण प्रत्येक जण आपल्याच कृत्यांना जबाबदार असतो, असे तो शिकवी. 418 मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरवले. 1546 मध्ये ट्रेन्टच्या धर्मसभेने मूळ पापाविषयी स्वतंत्र ठराव करून बाप्तिस्म्याने ते धुतले जाते, हे कॅथलिक मत निश्चित केले. त्याआधी 1530 च्या ऑग्सबर्ग श्रद्धाघोषणेत ल्यूथरपंथीयांनीही मूळ पापाचा सिद्धान्त स्वीकारला होता. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चचा भर मात्र वेगळा राहिला: आदामापासून माणसाकडे मृत्यू आणि दुर्बलता आली, त्याचा वैयक्तिक अपराध आला नाही.

ट्रेन्टची सभा चालू होती त्याच काळात पोर्तुगीज सत्ता कोकणात पाय रोवत होती. चौलमध्ये त्यांचा किल्ला 1521 पासून होता, वसई 1534 मध्ये त्यांच्याकडे आली आणि पनवेलच्या समोरच्या अंगाला असलेले उरण-करंजाही त्यांच्या ताब्यात गेले. या ठाण्यांबरोबर फ्रान्सिस्कन, जेझुइट व इतर संघांचे धर्मगुरू आले. नव्या ख्रिस्ती कुटुंबात मूल जन्मले की लवकरात लवकर त्याचा बाप्तिस्मा करण्याची रीत पडली. त्यामागे मूळ पाप धुऊन काढण्याचाच हेतू होता. मोठ्यांसाठी पापकबुलीची म्हणजे कुमसाराची आणि राखेच्या बुधवारापासून सुरू होणाऱ्या उपवासकाळाची शिस्त होती. बाप्तिस्मा आदामाच्या पापावर आणि कुमसार स्वतःच्या पापांवर, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

मराठीत या विषयाची पहिली मोठी मांडणी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने केली. तो 1579 मध्ये गोव्यात आला आणि साष्टी भागात त्याने दीर्घकाळ काम केले. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले आणि 1649 व 1654 मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीची निर्मिती, देवदूतांचे पतन, आदाम-हव्वेचा आज्ञाभंग आणि तारणाऱ्याची वाट पाहणारा जुना काळ येतो. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र आहे. पतनाच्या कथेवाचून ख्रिस्ताच्या जन्माचे कारणच कळत नाही, म्हणून स्टीफन्सने ती आधी सविस्तर सांगितली. स्वर्गासाठी त्याने वैकुंठ हा शब्द वापरला आणि ग्रंथाची रचना पुराणश्रवणाच्या धर्तीवर केली. पाद्री पुराण सांगतो, श्रोते मध्येच शंका काढतात, पाद्री तिचे निरसन करून कथा पुढे नेतो. आपल्या जुन्या पुराणांची सवय असलेल्या श्रोत्यांना नवा सिद्धान्त ओळखीच्या चालीवर ऐकवण्याचा हा मार्ग होता.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पुढच्याच वर्षी चौलही मराठ्यांकडे आले. उत्तर कोकणातील कॅथलिक वस्त्या टिकल्या, पण धर्मप्रसार थंडावला. तो पुन्हा सुरू झाला 1813 मध्ये, गॉर्डन हॉल व त्याचे सहकारी मुंबईत आले तेव्हा. हे अमेरिकन मराठी मिशन होय. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोट येथे काम सुरू केले आणि 1829 मध्ये जॉन विल्सन मुंबईत दाखल झाला. हे सर्व प्रॉटेस्टंट होते. माणूस मुळातच भ्रष्ट असून कर्मकांड, दानधर्म वा तीर्थयात्रा यांनी ही भ्रष्टता दूर होत नाही, केवळ ख्रिस्तावरील विश्वासाने तारण होते, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता. प्रवचन, शाळा आणि छापखाना ही त्यांची साधने होती. 1847 मध्ये संपूर्ण मराठी बायबल उपलब्ध झाले.

त्या काळी मुंबईहून घाटावर जाणारा माणूस होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढे. या वर्दळीच्या गावात बेने इस्रायल समाजाची जुनी वस्ती होती. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची प्रथा यांमुळे हे लोक शनिवार तेली म्हणून ओळखले जात. सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे निर्बंध त्यांनी शतकानुशतके पाळले होते, परंतु हिब्रू ग्रंथांचे वाचन दीर्घकाळ खंडित झाले होते. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी त्यांना प्रार्थना व विधी शिकवले. मिशनऱ्यांनी त्यांच्या मुलांना शाळेत घेतले, त्यांच्यातील काहींना शिक्षक नेमले आणि विल्सनने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले. जुना करार मराठीत छापला गेल्यावर आदाम, नोहा व अब्राहाम यांच्या कथा बेने इस्रायल घरांत मातृभाषेत वाचल्या जाऊ लागल्या.

मिशनऱ्यांची अपेक्षा अशी होती की आदामाची कथा पटली की ख्रिस्ताची आवश्यकताही पटेल. तसे घडले नाही. बेने इस्रायलांपैकी फारच थोडे ख्रिस्ती झाले. अलिबागचे सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) 1848 मध्ये आणि पनवेलचे बेथ एल सिनेगॉग 1849 मध्ये उभे राहिले, म्हणजे मराठी बायबल पूर्ण झाल्यानंतर लगेचच. यहुदी परंपरेनुसार माणसात चांगली आणि वाईट अशा दोन्ही प्रवृत्ती असतात. आदामामुळे मृत्यू आला हे ती मानते, परंतु त्याचा अपराध वंशजांच्या माथी येतो हे मानत नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय या बाबतीत स्पष्ट आहे: पुत्र पित्याच्या अधर्माचा भार वाहत नाही. पापावरचा उपाय पश्चात्ताप, प्रार्थना आणि देवाकडे परत वळणे हा आहे.

या उपायाचे ठळक रूप म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पुर. बेने इस्रायल त्याला दरफाळणीचा सण म्हणत. तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी घरांची दारे लावून घेतली जात. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी स्नान व जेवण उरकून सर्वजण पांढरी वस्त्रे नेसत आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत कडक उपवास करीत. बाहेरच्यांशी संपर्क टाळला जाई. त्यानंतरच्या दिवसाला शिळा सण म्हणत. त्या दिवशी दानधर्म व परस्परांच्या भेटीगाठी होत. सिनेगॉगे झाल्यावर हा दिवस घराच्या बंद दारांआडून सामुदायिक प्रार्थनेत आला. पापाची कबुली येथे सर्वांनी मिळून द्यायची असते, पण ती केलेल्या पापांची असते. जन्मजात दोषाची नसते.

हिंदू पंडितांचा आक्षेप दुसऱ्या बाजूने आला. 1831 मध्ये मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा मुंबईत जाहीर वाद झाला, आणि दोन्ही बाजूंची पुस्तके निघाली. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी अनेक आठवडे वादविवाद केला. त्यांच्या प्रतिपक्षात अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन प्रमुख होता. विष्णुबुवा मूळचे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील शिरवलीचे. या काळातील वादांत काही प्रश्न पुनःपुन्हा येत. देव सर्वशक्तिमान असताना त्याने पाप होऊच का दिले? एकाने फळ खाल्ले तर सर्वांनी शिक्षा का भोगावी? दुसऱ्याने मरून आपले पाप कसे फिटेल? बापाचे कर्ज मुलाने फेडण्याची रीत कोकणातल्या शेतकऱ्याला ठाऊक होती, पण पापपुण्याच्या हिशेबात ज्याचे कर्म त्यानेच भोगायचे, हा संस्कार पक्का होता. जन्मजात दुःखाचे कारण कर्मवाद पूर्वजन्मात शोधतो. मात्र तो पूर्वजन्म त्याच जीवाचा असतो. मिशनऱ्यांचे उत्तर असे की कर्माची साखळी अनादि मानल्याने पापाचा उगम सांगितला जात नाही, तो केवळ मागे ढकलला जातो.

या वादाच्या दोन्ही बाजू लिहिणारा विद्वान म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे (1825–1895). काशीत वाढलेल्या या कोकणस्थ पंडिताने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती मताचे खंडन केले. पूर्वजन्म नाकारल्यास जन्मतः वाट्याला येणाऱ्या दुःखाची उपपत्ती लागत नाही, असा त्याचा एक मुख्य मुद्दा होता. 1848 मध्ये मात्र त्यानेच बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या गोरे या नावाने पुढे षड्दर्शनांची चिकित्सा केली. बेळगावचे बाबा पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ पापाच्या जाणिवेकडून विश्वासाकडे जाणारा प्रवास सांगते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी ख्रिस्ती समाजात सिद्धान्तापेक्षा अनुभवाला महत्त्व आले. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला असलेल्या स्त्रिया व मुली प्रार्थनासभांत रडून आपली पापे उघडपणे सांगू लागल्या. हे मुक्तीचे पुनरुज्जीवन देशाबाहेरही गाजले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडले. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या अभंगवाणीला ख्रिस्ताकडे नेणारा पूल मानले. वारकरी संत स्वतःला पतित म्हणवतात आणि देवाला पतितपावन. टिळकांनी याच भावभूमीवर भजने रचली. त्यांत आदामाच्या वारशाची चर्चा थोडी आणि भक्ताच्या अपराधभावनेला व शरणागतीला स्थान मोठे आहे.

आज पनवेलच्या परिसरात या सर्व परंपरा शेजारी नांदतात. बेथ एल सिनेगॉग उभे आहे, जरी बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य इस्राएलला गेले आहेत. रायगड जिल्हा मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात मोडतो. 1970 नंतर सिडकोने नवी मुंबई वसवल्यावर केरळी ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने आली आणि त्यांच्याबरोबर सिरियन परंपरेची चर्चही आली. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथाने मूळ पापाचा सिद्धान्त कायम ठेवला असून, ते प्रत्येकाने केलेले कृत्य नसून प्रत्येकाला मिळालेली अवस्था आहे, असे त्यात स्पष्ट केले आहे. कोकणातील इतिहास पाहता आदामाचा अपराध वारशाने येतो हे मत ख्रिस्ती समाजाबाहेर कधीच मान्य झाले नाही. आपल्या पापाची कबुली देऊन क्षमा मागावी, ही गोष्ट मात्र सिनेगॉग, चर्च आणि भजन यांपैकी कोणालाही परकी नव्हती.