श्वासाकडे पाहणं : आपल्या पुण्यातला आनापानाचा इतिहास

रविवारी सकाळी त्रिशरण-पंचशील, बुद्धवंदना झाली की आपल्या विहारात दहा मिनिटे आनापान होते. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी त्यावर लिहा, असे समितीने सांगितले. लिहायला बसलो आणि वस्तीतल्या एका ज्येष्ठ उपासकांचा प्रश्न आठवला. सारी हयात चळवळीत गेलेला माणूस. ते एकदा भर सभेत म्हणाले, "बाबासाहेबांनी संघर्ष करा म्हटलं. डोळे मिटून बसा, असं कुठं म्हटलं?"

प्रश्न रोखठोक आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला प. पू. बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली अकरावी अष्टांगिक मार्गाची आहे. त्या मार्गाची सातवी पायरी सम्यक स्मृती आणि आठवी सम्यक समाधी. म्हणजे प्रतिज्ञा घेतली तेव्हाच हेही घेतले. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ आला. त्यात सिद्धार्थ आलार कालामाकडे ध्यानमार्ग शिकतो, ते प्रकरण आहे आणि तिथे आनापानसती हे नाव आहे. मात्र काकांच्या बाजूनेही एक गोष्ट त्याच ग्रंथात सापडते. नुसती समाधी पुरेशी नाही, तिच्यात मन कुशल विचाराकडे वळले पाहिजे, असे बाबासाहेब मांडतात. तेव्हा डोळे मिटून अन्यायाकडे पाठ फिरवणाऱ्याला या ग्रंथाचा आधार मिळत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

आता मूळ पाहू. मज्झिम निकायात महाराहुलोवाद सुत्त आहे. श्रावस्तीला कोवळ्या वयाचा राहुल झाडाखाली बसला होता. सारिपुत्तांनी त्याला आनापानसतीचा अभ्यास कर म्हणून सांगितले. संध्याकाळी राहुलने तथागतांना विचारले आणि बापाने मुलाला श्वास कसा जाणायचा ते समजावले. श्वास आत आला, कळले. बाहेर गेला, कळले. लांब असला तर लांब, आखूड असला तर आखूड. म्हणून लहान मुलांना हे कसं जमणार, ही शंका मला खरी वाटत नाही.

आपल्या परिसरात याची खूण दगडात आहे. लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरले की भाजे लेणी दिसतात, सुमारे दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्यगृह बघून सगळे फोटो काढतात आणि खाली उतरतात. शेजारच्या विहारांतल्या छोट्या खोल्यांत कुणी डोकावत नाही. एक माणूस मावेल एवढी जागा आणि दगडी ओटा. पावसाळ्यात भिक्खू अशाच जागी राहत.

पुढे भारतात हे बहुतेक विसरले गेले. पुण्यात ते पुन्हा आणणाऱ्यांत पहिले नाव धर्मानंद कोसंबी यांचे घ्यावे लागेल. गोव्याचा हा माणूस बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला, सिलोनला श्रामणेर झाला, ब्रह्मदेशात राहिला. १९१२ ते १९१८ त्यांनी इथल्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. १९२५ साली त्यांचा 'समाधिमार्ग' आला. आपल्या भाषेत ही वाट समजावणारे पुस्तक इतक्या लवकर होते. पण ते आपल्या आजी-आजोबांच्या हाती कसे पडणार? तेव्हा अक्षरच हाती नव्हते.

दुसरी वाट रंगूनहून आली. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला देहूरोडला त्यांच्या हस्ते रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसली. त्याच रंगूनला सयाजी ऊ बा खिन हे सरकारी हिशेबखात्याचे अधिकारी नोकरी सांभाळून विपश्यना शिकवत. १९५५ साली त्यांच्याकडे सत्यनारायण गोयंका हे व्यापारी गेले, ते मुळात डोकेदुखीवर उपाय म्हणून! १९६९ च्या जुलैत गोयंका गुरुजींनी मुंबईत पहिले शिबीर घेतले, १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाले. पुण्यात आता स्वारगेटजवळ धम्मपुण्ण आणि आळंदीजवळ मरकळला धम्मानंद ही केंद्रे आहेत.

तिसरी वाट वेगळीच. १९७७ साली लोकमित्र नावाचे इंग्रज धम्मचारी अय्यंगारांकडे योग शिकायला पुण्यात आले. नागपूरला दीक्षेच्या वर्धापनदिनाला गेले आणि तिथली गर्दी पाहून त्यांचे आयुष्य वळले. १९७८ पासून ते पुण्यात राहू लागले, १९७९ ला त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम सुरू झाले. २०१० पासून हा संघ त्रिरत्न म्हणून ओळखला जातो. दापोडीचा महाविहार आणि भाजेजवळचे सद्धम्म प्रदीप केंद्र त्यांचेच. दहा दिवसांची रजा कामगाराला कुठून मिळायची? घरकाम करणाऱ्या आमच्या बहिणींचे तर खाडे कापले जातात. अशांना थोड्या दिवसांची शिबिरे आणि वस्तीतले वर्ग सोयीचे पडले.

दोन्हींत फरक आहे, आणि त्यावरून आपल्यात उगाच वाद होतात. विपश्यनेत सुरुवातीला नाकपुड्या आणि वरच्या ओठावर लक्ष ठेवायचे, श्वास मोजायचा नाही. त्रिरत्नच्या वर्गात आधी एक ते दहा मोजतात. मोजण्याची ही युक्ती विशुद्धिमग्गातही आहे. शिवाय मैत्री भावना असते : आधी स्वतः, मग मित्र, मग अनोळखी, मग ज्याच्याशी पटत नाही तो, मग सर्व. चौथ्या पायरीवर भल्याभल्यांची गाडी अडते, माझीही.

नवशिक्याने मांडी घालून बसावे, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर. पाठ सरळ, श्वास मुद्दाम ओढायचा नाही. मन बाजारात गेले की रागावू नये, पुन्हा श्वासावर आणावे. झोप आली तर थोडे डोळे उघडावेत. ज्याचे मन फार बिघडले आहे, त्याने आधी डॉक्टरांना भेटावे. आनापान म्हणजे औषध नव्हे.

ते काका अजून रविवारी येतात. डोळे मिटत नाहीत, पण दहा मिनिटं उठूनही जात नाहीत. यंदा पावसाळा संपल्यावर विहारातर्फे भाज्याची सहल काढावी आणि त्या एखाद्या खोलीत मुलांना थोडा वेळ बसवावे, अशी सूचना मी समितीपुढे ठेवली आहे.