लोखंडे ते भोसले : अक्कलकोटच्या राजघराण्याची कुळकथा

कोणत्याही घराण्याची कुळकथा सांगताना रक्त आणि नाव या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरले जाते, कारण बापाचे रक्त आणि बापाचे आडनाव सामान्यतः एकाच वाटेने पुढच्या पिढीकडे जातात. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोटच्या राजघराण्यात मात्र या दोन वाटा 1707 साली वेगळ्या झाल्या. रक्त पारद गावच्या लोखंडे पाटलांचे राहिले आणि नाव सातारच्या छत्रपतींच्या भोसले कुळाचे लागले. असे का घडले याचे उत्तर त्या घराण्याच्या वंशावळीत शोधून सापडत नाही. ते छत्रपतींच्या दोन शाखांमधील वारसाच्या भांडणात आणि त्यांतील एका शाखेच्या वारसाने शत्रूच्या छावणीत काढलेल्या सतरा-अठरा वर्षांत आहे.

त्या भांडणाची सुरुवात 1689 साली झाली. मार्च महिन्यात छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला, धाकटे बंधू राजाराम महाराज रायगडावरून निसटून दक्षिणेत जिंजीला गेले, आणि नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती पडल्यावर संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई आणि त्यांचे सात वर्षांचे पुत्र कैद झाले. या मुलाचे जन्मनाव आजोबांच्या नावावरून शिवाजी असे होते, परंतु इतिहासात ते शाहू या नावानेच ओळखले जातात. राजाराम महाराजांनी जिंजीहून राज्य चालवले आणि 1700 साली सिंहगडावर त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून मोगलांविरुद्धचा लढा पुढे नेला. या मुलाचेही नाव शिवाजीच होते. अशा रीतीने एकाच आजोबांचे नाव धारण करणारे दोन वारस निर्माण झाले: थोरल्या शाखेचा वारस बादशहाच्या कैदेत होता, आणि धाकट्या शाखेचा वारस स्वराज्यात गादीवर होता.

कैदेतील वारसाच्या आयुष्याचा काही भाग आजच्या सोलापूर जिल्ह्यात गेला. 1695 ते 1699 या काळात औरंगजेबाची मुख्य छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे होती. हे ठिकाण मंगळवेढे तालुक्यातील माचणूरजवळ असून तेथील किल्ल्याचे अवशेष आणि सिद्धेश्वराचे देऊळ नदीकाठी आजही उभे आहेत. बादशाही छावणी म्हणजे बाजार, कचेऱ्या, तोफखाना आणि जनानखाना बरोबर घेऊन हिंडणारे शहरच असे, आणि तिच्या मध्यभागी लाल कनातींनी वेढलेला जो बादशहाचा खास भाग असे त्याला गुलालबार म्हणत. येसूबाई आणि शाहू यांना त्याच्याच आश्रयाने ठेवले होते आणि बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांच्यावर मायेची पाखर घातली. शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब, म्हणजे मोगल दरबारातील मोठ्या सरदाराचा हुद्दा, देण्यात आला होता. परंतु हुद्दा असला तरी छावणीबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. मराठीत ज्या अवस्थेला नजरकैद म्हणतात ती हीच, कारण तिच्यात बेडी नसते आणि पहारा मात्र कधी उठत नाही.

मार्च 1707 मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मरण पावला आणि त्याच्या मुलांमध्ये वारसायुद्ध पेटले. तख्तासाठी उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने मे महिन्यात माळव्यातून जाताना शाहूंना मोकळे केले. येसूबाई आणि इतर काही माणसे ओलीस, म्हणजे करार पाळला जावा यासाठी ठेवलेली जामीन माणसे, म्हणून मोगलांकडेच राहिली. त्यांची सुटका बारा वर्षांनी, 1719 साली, शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतताना झाली. थोरल्या शाखेचा वारस स्वराज्यात परतला की ताराबाईंच्या पक्षाशी त्याचा झगडा होईल आणि मराठ्यांचे बळ आपसात खर्च होईल, असा या सुटकेमागे मोगल मुत्सद्द्यांचा हिशेब होता, आणि तो चुकला नाही.

ताराबाईंनी शाहूंचा हक्क तर नाकारलाच, शिवाय परत आलेला माणूस शाहू नसून तोतया आहे, असे जाहीर केले. दुसऱ्याचे नाव व रूप धारण करून त्याच्या हक्कावर दावा सांगणारा तो तोतया. सातव्या वर्षी कैद झालेला मुलगा पंचविसाव्या वर्षी परतला असता त्याला चेहऱ्यावरून ओळखू शकणारी माणसे थोडीच उरली होती, त्यामुळे हा आरोप सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. खानदेशात येऊन मिळालेल्या परसोजी भोसले यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून त्याला उत्तर दिले. पंक्तिव्यवहार हाच कुळाचा पुरावा मानणाऱ्या समाजात ज्याच्या ताटात भोसले जेवतो तो भोसलेच, हा युक्तिवाद कोणत्याही कागदापेक्षा प्रभावी ठरला. तरीही त्या पावसाळ्यात शाहूंजवळ हक्क होता आणि माणसे मोजकी होती, आणि याच काळात अक्कलकोटच्या घराण्याचा उगम झाला.

दक्षिणेकडे येताना शाहूंच्या सैन्याची मराठवाड्यातील पारद या गावी चकमक झाली. गावचा पाटील सयाजी लोखंडे याने विरोध केला आणि तो लढाईत मारला गेला. परंपरा अशी सांगते की, त्याच्या विधवेने आपला लहान मुलगा राणोजी याला शाहूंच्या पुढे आणून पायांवर घातले आणि अभय मागितले. शाहूंनी मुलाला नुसते अभय दिले नाही, तर त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले. परतीच्या वाटेवरील ही पहिली फते, म्हणून मुलाचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि आडनाव भोसले दिले. पुढे ऑक्टोबर 1707 मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले, आणि 12 जानेवारी 1708 रोजी शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. फत्तेसिंह राजवाड्यातच वाढले, आणि शाहूंच्या अंतःपुरातील वजनदार स्त्री विरुबाई यांनी त्यांना पोटच्या मुलासारखे सांभाळले.

येथे दोन शब्दांमधील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक म्हणजे होम करून, जन्मदात्याने दिलेला आणि दुसऱ्याने विधिपूर्वक घेतलेला पुत्र. त्याचे गोत्र बदलते आणि औरस पुत्राप्रमाणे, म्हणजे पोटच्या मुलाप्रमाणे, त्याला वारसा मिळतो. मानसपुत्र हा मनाने मानलेला पुत्र असतो; त्याला माया, मान आणि उत्पन्न मिळते, परंतु गादीवर हक्क मिळत नाही. फत्तेसिंहांचे स्थान दुसऱ्या प्रकारातले होते. त्यांना नाव भोसल्यांचे मिळाले आणि छत्रपतिपद मिळाले नाही. ही विभागणी त्या क्षणाच्या गरजेला चोख होती. ज्याचे स्वतःचेच नाव प्रतिपक्षाने खोटे ठरवले आहे तो राजा आपले नाव दुसऱ्याला देऊन ते आपले असल्याचे चारचौघांत सांगत होता, कारण जे आपले नाही ते देता येत नाही. शिवाय दोन शाखांच्या भांडणात नात्यातला प्रत्येक भोसले हा संभाव्य प्रतिस्पर्धी होता, परंतु मारलेल्या पाटलाचा मुलगा गादीवर कधीच दावा सांगू शकत नव्हता आणि म्हणून त्याच्यावर निर्धास्तपणे विसंबता येत होते.

परागंदा राजपुत्राचे परतणे आणि त्यातून वंशावळीला मिळणारे वळण हा प्रकार मराठी मुलखापुरता नाही. इंग्लंडमध्ये सातव्या शतकात, अँग्लो-सॅक्सन टोळ्यांची लहान लहान राज्ये होती त्या काळी, उत्तरेकडील नॉर्थम्ब्रियात बर्निशिया आणि डीरा या दोन भागांची दोन प्रतिस्पर्धी राजघराणी होती. बर्निशियाच्या एथेलफ्रिथने डीरा बळकावले तेव्हा तेथील राजपुत्र एडविन पळाला आणि अखेर पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याच्या आश्रयाला गेला. त्याला ठार करावे म्हणून एथेलफ्रिथने रेडवाल्डला पैशाची लालूच दाखवली, परंतु राणीच्या सल्ल्याने रेडवाल्डने पाहुण्याला अभय दिले आणि सुमारे 616 साली एथेलफ्रिथलाच लढाईत मारून एडविनला गादीवर बसवले. मग परागंदा होण्याची पाळी एथेलफ्रिथच्या मुलांवर आली. त्यांतील ओस्वाल्ड हा आयरिश धर्मगुरूंच्या आयोना मठाच्या छायेत वाढला, आणि 633 साली एडविन रणात पडल्यानंतर वर्षभरात परतून राजा झाला. 731 साली आपला इतिहासग्रंथ पुरा करणाऱ्या बीड या मठवासी इतिहासकाराने या काळाची एक मार्मिक नोंद करून ठेवली आहे. एडविननंतर आलेले दोन राजे ख्रिस्ती धर्म सोडून गेले, म्हणून राजांच्या कारकिर्दी मोजणाऱ्यांनी त्यांची नावे गाळली आणि ते वर्ष ओस्वाल्डच्या नावे मांडले. तेथे नको असलेले नाव यादीतून काढून टाकले गेले, येथे हवे असलेले नाव घातले गेले. वंशावळ ही जन्माची नोंद जितकी असते तितकीच ती विजेत्याची निवड असते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. आझमशहा आणि रेडवाल्ड यांच्यातही साम्य आहे, कारण दोघांच्या दृष्टीने आश्रित राजपुत्र हे शेजारच्या राज्यात खेळायचे प्यादे होते. फरक इतकाच की रेडवाल्डने आपल्या आश्रितासाठी स्वतः तलवार उचलली, आणि आझमशहाने आश्रिताला नुसते सोडून दिले. त्यामुळे शाहूंना आपले माणूसबळ वाटेवरच जमवावे लागले.

अशा जमवलेल्या माणसांना पोसण्याचे साधन म्हणजे सरंजाम. सरकारचाकरीसाठी ठराविक फौज बाळगावी आणि तिच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या मुलखाचा वसूल घ्यावा, अशी ही व्यवस्था होती. तत्त्वतः ती धन्याच्या मर्जीवर असली तरी व्यवहारात ती वंशपरंपरेने चालू लागली. फत्तेसिंहांना मिळालेला अक्कलकोटचा मुलूख निजामाच्या हद्दीला आणि कर्नाटकाच्या वाटेला लागून होता, म्हणजे वाड्यात वाढलेल्या मानसपुत्राला राज्याच्या बिनीवर बसवले गेले. मिळालेल्या नावाची किंमत त्यांनी मैदानात फेडली. 1725 ते 1727 या वर्षांतील कर्नाटकच्या दोन मोहिमांचे नेतृत्व त्यांच्याकडे होते आणि बाजीराव पेशवे त्यांत सामील होते. 1740 साली नागपूरचे रघूजी भोसले यांच्यासह ते पुन्हा दक्षिणेत उतरले, दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्तअली मारला गेला, आणि मार्च 1741 मध्ये तिरुचिरापल्ली घेऊन नवाबाचा जावई चंदासाहेब याला कैद करण्यात आले. चंदासाहेब सुमारे सात वर्षे मराठ्यांच्या कैदेत होता. ज्या राजाचे बालपण परक्या छावणीत बंदी म्हणून गेले, त्याच्याच मानसपुत्राने दुसऱ्या राज्याचा दावेदार बंदी करून आणला. रघूजी हे ताटात जेवणाऱ्या परसोजींच्याच घराण्यातले, त्यामुळे शाहूंचे नाव खरे ठरवणारे घर आणि शाहूंच्या नावाने उभे राहिलेले घर या मोहिमेत एकत्र लढले.

दोन शाखांचे भांडण दरम्यान मिटत आले होते. 1714 साली ताराबाईंच्या पक्षाच्या कोल्हापूर गादीवरच सत्तापालट होऊन ताराबाई कैदेत पडल्या, राजाराम महाराजांचे दुसरे पुत्र संभाजी तेथे गादीवर आले, आणि एप्रिल 1731 मधील वारणेच्या तहाने वारणा नदी ही सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांची सीमा ठरली. डिसेंबर 1749 मध्ये शाहूंचे निधन झाले तेव्हा त्यांच्यामागे पुत्र नव्हता. तरीही गादी फत्तेसिंहांकडे गेली नाही. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे छत्रपती झाले. पुढच्याच वर्षी रामराजे आपल्या मुठीत राहत नाहीत असे दिसताच त्याच ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि ते आपले नातू नव्हेत असे जाहीर केले. तोतया हे हत्यार सातारच्या गादीवर असे दोनदा उपसले गेले. अक्कलकोटवर ते चालणे शक्यच नव्हते, कारण तेथील भोसले रक्ताचे भोसले असल्याचा दावा कोणी केलाच नव्हता.

1760 साली फत्तेसिंह वारले. त्यांनी आपल्या भावाच्या मुलाला दत्तक घेतले होते. हा शहाजी अक्कलकोटचा दुसरा अधिपती झाला. शहाजी, मालोजी आणि फत्तेसिंह ही नावे पुढे त्या घरात आलटून पालटून येत राहिली. पहिली दोन थोरल्या भोसल्यांच्या पूर्वजांची आहेत, आणि तिसरे पारदच्या चकमकीचे स्मारक आहे.

पेशवाई बुडाल्यावर 1820 साली इंग्रजांनी अक्कलकोटकरांशी करार करून त्यांना सातारच्या छत्रपतींचे मांडलिक जहागीरदार म्हणून कायम केले. 1839 साली छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले, आणि तेथेच परागंदा अवस्थेत 1847 साली त्यांचा अंत झाला. पुढच्या वर्षी त्यांचे बंधू शहाजी वारले, तेव्हा दत्तक नामंजूर करून गव्हर्नर-जनरल डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. छत्रपतींचे रक्ताचे घर दत्तकाच्या मुद्द्यावर गेले, आणि मानलेल्या पुत्रापासून सुरू होऊन दत्तकाने पुढे चाललेले अक्कलकोटचे घर इंग्रजांच्या थेट देखरेखीखालचे संस्थान म्हणून आणखी शंभर वर्षे टिकले. 498 चौरस मैलांचे हे संस्थान 1948 च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या सोलापूर जिल्ह्यात माचणूरचा छावणीचा किल्ला आहे, त्याच जिल्ह्याचा अक्कलकोट हा आता एक तालुका आहे.