बारडोलीचा आश्रम आणि महाडचे तळे

सुरतेहून बारडोलीस जाणारा रस्ता कडोदऱ्यावरून जातो. कापडाच्या गिरण्यांच्या या गजबजाटातून पूर्वेकडे निघाले म्हणजे बारडोलीचा स्वराज आश्रम गाठता येतो. साऱ्यातील २२ टक्के वाढीविरुद्ध १९२८ साली वल्लभभाईंनी जो लढा दिला, त्याचे हे ठाणे. आश्रम नीट राखलेला आहे. तो राखावा की नाही, असा वाद कोणी घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

लढा मिटल्यावर सरकारने चौकशीस दोन अधिकारी नेमले, ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल. त्यांनी ती वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आणली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सांगणारे न्यायाधीश. आम्हां वकिलांना मात्र त्यांचे नाव आणखी एका निकालावरून ठाऊक आहे, आणि तो निकाल देवळात जाणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. पुढल्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि लाठ्या चालल्या. मग पंचगव्याच्या १०८ घागरींनी तळे शुद्ध करण्यात आले. देवाचे नाव या प्रकरणात कोणी व कशासाठी घेतले, हे आपण विसरता कामा नये. डिसेंबरातील परिषदेस जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने.

त्याच डिसेंबरात दावा लागला. तळे आमच्या वहिवाटीचे, रूढी अनादि, असे वादींचे म्हणणे. सव्वानऊ वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, ब्रूमफील्ड व वाडिया या न्यायमूर्तींनी अपील फेटाळले. रूढी अनादि आहे हे सिद्धच झाले नाही, एवढाच आधार. रूढी न्याय्य की अन्याय्य, यात ते शिरले नाहीत. निकाल कोरडा आहे खरा; पण ‘असेच चालत आले आहे’ या शब्दांना पुरावा मागणारा असा निकाल आम्हांस एखाद्या ओजस्वी भाषणाहून मोलाचा वाटतो.

ते तळे आज स्मारक आहे, ते कोणा खात्याच्या पाटीमुळे नव्हे. दरसाल २० मार्चला दूरदूरची माणसे पदरचे भाडे खर्चून तेथे येतात, तळ्यापाशी उभी राहतात, पोराबाळांना जागा दाखवितात. ज्यांना तेथे मज्जाव होता त्यांनीच ती जागा राखली. ज्यांच्या वाडवडिलांनी घागरी ओतल्या, त्यांच्याकडून या आठवणीत काय भर पडली?

हा प्रश्न आम्ही आमच्या परिचयाच्या एका देवस्थानात विचारून पाहिला. तेथे विश्वस्तांच्या सभांच्या जुन्या वह्या आहेत. १९४७ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याच्या वेळी कोणी काय म्हटले, कोणी सही करण्याचे नाकारले, ते त्यांत असणार. कळसाच्या सोन्यासाठी वर्गणी सहज जमते, या वह्यांच्या नकला करून ठेवू म्हणताच एक वृद्ध विश्वस्त म्हणाले, “मेलेल्यांची उणी कशाला काढता?” त्यांच्या वडिलांची सही कोठे आहे, हे त्यांना ठाऊक असावे. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. वह्यांना वाळवी लागली आहे. नकलांचा ठराव आम्ही पुढल्या सभेपुढे लेखी ठेवला आहे.