आमवातातील लसीकरण व संसर्गप्रतिबंध

आमवात, अर्थात रुमेटॉइड आर्थ्रायटिस, या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते आणि विकार आटोक्यात ठेवणारी बहुतेक औषधे तीच प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. त्यामुळे रुग्णाला न्यूमोनिया, नागीण, क्षयरोग अशा संसर्गांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. लसीची गरज वाढते. मात्र काही औषधांमुळे लसीचा प्रभाव घटतो, तर काही लसी अपायकारक ठरू शकतात. म्हणून लस कोणती, याइतकेच ती केव्हा घ्यावी यालाही महत्त्व आहे.

लसींचे प्रकार

मृत जंतूंपासून किंवा जंतूंच्या अंशांपासून केलेल्या लसींमुळे तो रोग होऊ शकत नाही. इंजेक्शनने दिली जाणारी इन्फ्लुएंझाची लस तसेच न्यूमोकोकस, हिपॅटायटिस-बी, धनुर्वात व रेबीज यांच्या लसी या गटातील असून त्या उपचार चालू असतानाही देता येतात. नागिणीची जुनी लस जिवंत विषाणूंची होती. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली नवी लस तशी नाही.

गोवर-गालगुंड-रूबेला, कांजिण्या, पीतज्वर, बीसीजी व तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस यांत क्षीण केलेले जिवंत जंतू असतात. प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार चालू असताना त्या सहसा टाळतात; आवश्यक असल्यास उपचारांपूर्वी सुमारे ४ आठवडे देतात. आफ्रिकेतील काही देशांत जाणाऱ्यांना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. अशा रुग्णांना डॉक्टरांकडून सूट-प्रमाणपत्र घेता येते, परंतु डासांपासूनचा धोका त्याने टळत नाही.

औषधे आणि वेळ

आठवड्यातून एकदा घ्यावयाचे मेथोट्रेक्झेट इन्फ्लुएंझाच्या लसीनंतर २ आठवडे थांबविल्यास लसीचा प्रतिसाद सुधारतो, असे दक्षिण कोरियातील अभ्यासात दिसून आले. विकार आटोक्यात असेल तरच हा उपाय करतात. रिटुक्सिमॅब हे औषध प्रतिपिंडांची निर्मिती अनेक महिने रोखून धरते. त्यामुळे शक्य तेथे लसी त्याच्या पहिल्या मात्रेपूर्वीच उरकतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा लसीवर फारसा परिणाम होत नाही. स्टेरॉइड मात्र रुग्णाने स्वतःहून अचानक कधीही बंद करू नये. त्यातून जिवावर बेतू शकते.

नवजात बालक

भारतात बीसीजी व पोलिओचा पहिला डोस जन्मतःच दिला जातो. आईने गरोदरपणाच्या उत्तरार्धात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडॅलिमुमॅब घेतले असल्यास ते वारेतून बाळाच्या रक्तात उतरते व काही महिने तेथे राहते. अशा बाळात बीसीजीचे जंतू शरीरभर पसरून मृत्यू ओढवल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. त्यामुळे बीसीजी साधारणतः ६ महिने लांबणीवर टाकतात. ही लस प्रसूतिगृहात नेहमीच्या क्रमाने, फारशी विचारपूस न होता टोचली जाते. तेव्हा आईच्या औषधाची माहिती प्रसूतीपूर्वीच प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ या दोघांना लेखी देणे इष्ट.

इतर खबरदारी

इन्फ्लिक्सिमॅबच्या गटातील औषधांमुळे शरीरात सुप्त असलेला क्षयरोग जागा होतो. त्यामुळे उपचारांपूर्वी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची क्षयचाचणी, तसेच हिपॅटायटिस-बीची तपासणी करतात. स्टेरॉइड घेणाऱ्यास गंभीर संसर्गातही ताप बेताचाच येऊ शकतो. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा छुपे स्टेरॉइड आढळते, आणि रुग्णाला ते ठाऊकही नसते.

कुत्रा चावल्यास रेबीजची लस पुढे ढकलली जात नाही. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णास रक्त न आलेल्या ओरखड्यासाठीही लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन देतात. म्हणून चालू औषधांची चिठ्ठी दवाखान्यात दाखवावी.