धर्मादाय दवाखान्याची कुळकथा

रत्नागिरीत कुष्ठरोग्यांसाठी जो जुना दवाखाना उभा राहिला, तो दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून. पेटिट मुंबईचे पारशी गिरणीमालक. रत्नागिरीशी त्यांचं ना नातं ना गोतं. मग त्यांचा पैसा खाडी ओलांडून इकडे कसा आला?

एक कारण सरळ आहे. कोकणात महारोग फार होता आणि १८७० च्या दशकात मुंबई इलाख्यात त्याची चर्चाही फार होती. डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या विषयामागे हात धुऊन लागले होते. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली प्रसिद्ध चित्रं काढणारे हेच ते कार्टर, पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत आणि साताऱ्याला सिव्हिल सर्जनही होते. रोग्यांसाठी वेगळे आश्रम हवेत, असा त्यांचा आग्रह होता. आश्रमाला इमारत लागते आणि इमारतीला शेटजी.

दुसरं कारण कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास भरली. त्यातली सव्वा लाखाहून जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती आणि त्यातली कितीतरी गिरण्यांत राबत होती. त्या काळात मुंबईच्या सुताचं मोठं गिऱ्हाईक होता चीन. संगमेश्वर-राजापूरच्या माणसानं मुंबईत काढलेलं सूत दक्षिण चीनमधल्या हातमागांवर चढत होतं आणि नफा गिरणीमालकाच्या वहीत जमा होत होता. त्या नफ्यातला थोडा वाटा दवाखान्याच्या रूपानं मजुराच्या जिल्ह्यात परत आला, असं म्हटलं तर ते फार ओढूनताणून होणार नाही.

आपल्याकडच्या धर्मादाय दवाखान्यांच्या कुळात चीन असा वारंवार डोकावतो. या कुळाचा मूळपुरुष म्हणावा तर तो जमशेटजी जीजीभाई. तरुणपणापासून त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ साली ‘ब्रन्सविक’ जहाजावरून जाताना फ्रेंचांनी जहाज पकडलं. त्या जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. दोघांची ओळख झाली. डॉक्टरानं पुढे औषधांची पेटी सोडून अफूच्या पेट्या धरल्या आणि माळव्याची अफू मुंबईतून कँटनला पोचवणाऱ्यांत जमशेटजी त्याचे मोठे भागीदार ठरले. व्यसन विकून जोडलेल्या या संपत्तीतून १८३८ साली जमशेटजींनी इस्पितळासाठी एक लाख रुपये देऊ केले, पण एका अटीवर: तेवढेच कंपनी सरकारनंही घालावेत. १८४३ च्या जानेवारीत पायाभरणी झाली आणि १८४५ साली जे. जे. रुग्णालय सुरू झालं.

निम्मे तुमचे, निम्मे आमचे, ही अट मला इमारतीपेक्षा महत्त्वाची वाटते. पुढे कितीतरी दवाखाने याच चालीनं झाले: शेटजीनं एकरकमी पैसे द्यायचे, सरकारनं जागा आणि डॉक्टर द्यायचे, दारावर नाव शेटजीचं लागायचं. मात्र आत औषध कुठलं द्यायचं, कोणाला दाखल करायचं, हे सारं सरकारच्या हातात जायचं. एकदा दिलेल्या रकमेनं भिंती उभ्या राहतात. रोजची पेज, कापूस, परिचारकांचे पगार कुठून येणार? जो रोजचा खर्च उचलतो, दवाखाना त्याचा होतो.

हाच सौदा चिनी व्यापाऱ्यांनी उलटा करून दाखवला, तोही इंग्रजांच्याच हाँगकाँगमध्ये. तिथे १८५१ साली परगावी मेलेल्या लोकांच्या नावाच्या पाट्या ठेवण्यासाठी एक छोटं देऊळ बांधलं होतं. हळूहळू तिथे मरणाला टेकलेले गरीब लोक आणून टाकू लागले. १८६९ साली सरकारी अधिकाऱ्यानं आत डोकावलं, तर प्रेतं आणि जिवंत माणसं एकाच खोलीत पडलेली. मोठा गवगवा झाला. गोऱ्यांच्या इस्पितळात जायला चिनी रोगी तयार नसत. चिरफाडीची धास्ती होती. तेव्हा गव्हर्नर मॅकडोनेलनं व्यापाऱ्यांना सांगितलं, तुमचं इस्पितळ तुम्हीच काढा. १८७० साली त्यासाठी कायदा झाला आणि १८७२ च्या फेब्रुवारीत तुंग वा रुग्णालय उघडलं.

सरकारनं जागा दिली, वर १ लाख १५ हजार डॉलर दिले. हे पैसे जुगाराच्या अड्ड्यांना दिलेल्या परवान्यांचे होते. तो पैसा नेहमीच्या सरकारी खर्चाला लावणं लंडनच्या साहेबांना पटेना, म्हणून तो धर्माला लागला. इकडे अफू, तिकडे जुगार. पुण्याच्या खात्याला पापाचं भांडवल वर्ज्य नसतं.

रोजच्या खर्चाचं मात्र तुंग वाच्या मंडळींनी पक्कं ठरवलं होतं. संचालक दरवर्षी नवे, आणि ते धंद्यांच्या संघांतून यायचे: परदेशी पेढ्यांचे चिनी दलाल, कापडवाले, तांदूळवाले, गहाणवट ठेवणारे सावकार आणि हो, अफूवालेही. प्रत्येक संघाची वर्गणी असे. त्याशिवाय रुग्णालयानं दुकानं-घरं घेऊन भाडं सुरू केलं, म्हणजे एखाद्या साली देणग्या आटल्या तरी पेज बंद पडायची नाही. दरवर्षी जमाखर्चाचं पुस्तक छापून लोकांपुढे ठेवलं जाई. पुढे १९०८ साली शहरातलं मोठं मान मो देऊळही कायद्यानं त्यांच्याकडे आलं आणि दानपेटीतला पैसा दवाखान्याकडे वळला. आपल्याकडच्या देवस्थानांनी हे जरूर वाचावं.

आत औषध चिनी, वैद्य चिनी, फी नाही. कामं दवाखान्यापुरती राहिली नाहीत. बेवारशांना पेटी आणि माती मिळे. परदेशात मेलेल्या मजुरांच्या अस्थी जहाजानं येत, त्या त्यांच्या गावी पोचवल्या जात. पूर आला की मदत निघे. तंट्यांचा निवाडाही याच संचालकांकडे येई. गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यामुळे हे रुग्णालय कमी आणि सावलीतलं सरकार जास्त वाटू लागलं, आणि ते अगदीच चूक नव्हतं.

आपल्या चाकरमान्यांनीही मुंबईत असंच काही उभं केलं होतं. एकेका गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, महिन्याची वर्गणी काढायची, आजारी पडेल त्याला बोटीनं गावी धाडायचं, गेला तर त्याचं क्रियाकर्म करायचं, उरलं तर गावच्या देवळाला द्यायचं. वृत्ती तीच, वहीसुद्धा तीच. या वहीतून इस्पितळ मात्र उभं राहिलं नाही, कारण तुंग वाच्या वर्गणीदारांत व्यापारी होते आणि आपल्या मंडळांत पगारावर जगणारे गिरणी कामगार.

१८९४ साली हाँगकाँगात प्लेग आला आणि तुंग वाची परीक्षा झाली. सरकारनं घराघरांत शिरून झडत्या घेणं आणि रोग्यांना उचलून नेणं सुरू केलं, तसे लोक खवळले. तुंग वाच्या कारभाराची चौकशी झाली. १८९६ नंतर रुग्णालयात पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला चिनी डॉक्टर आला, पण संचालक व्यापारीच राहिले आणि कुठलं औषध घ्यायचं ते रोग्यानं ठरवायचं, ही सोयही राहिली. त्याच १८९६ साली प्लेग मुंबईत मांडवीला प्रकटला. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. कोकणच्या बोटींना गर्दी लोटली. मग जे शहाणपण हाँगकाँगला जवळपास तीस वर्षं आधी सुचलं होतं, ते इथेही सुचलं. पारशी, जैन अशा समाजांना आपापली प्लेग इस्पितळं काढू दिली. पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल उघडलं ते रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी, वर्गणीतून. माणसं तिथे जाऊ लागली, कारण शिजवणारा आणि पाणी देणारा आपला होता. हे सांगताना जातीच्या भिंतीही अशाच पक्क्या झाल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्लेग सरला तशी बरीच इस्पितळं मिटली. त्यांच्यामागे ना भाड्याची दुकानं होती ना देवळाचं उत्पन्न. तुंग वा मात्र वाढलं: १९११ साली कौलूनला क्वोंग वा, १९२९ साली पूर्वेकडचं तिसरं रुग्णालय, आणि १९३१ साली तिन्हींचा एक कारभार. तो आजही चालू आहे.

आपल्याकडे रोजच्या खर्चाचा प्रश्न शेवटी कोर्टानं सोडवायला घेतला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली योजना घालून दिली. तिच्याप्रमाणे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयानं १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. रोग्यांच्या बिलातले २ टक्के बाजूला काढून निर्धनांसाठी निधी करायचा असतो. तेव्हा घरचं कोणी अशा रुग्णालयात दाखल करायची वेळ आली, तर उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका बरोबर न्या, समाजसेवकाला गाठा आणि धर्मादाय खाट शिल्लक आहे का ते विचारा. ही खाट उपकार म्हणून मागायची नाही, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर तिच्यावर तुमचा कायद्यानं हक्क आहे.