उंबरखिंडीतली रायबागन

खोपोलीहून पालीकडे जाताना आत वळलं की चावणी गाव लागतं. जवळून अंबा नदी वाहते. आपल्या खालापूर तालुक्यातली उंबरखिंड ती हीच. दरवर्षी २ फेब्रुवारीला इथे शिवाजी महाराजांच्या विजयाचा दिवस साजरा होतो. आम्ही गटातल्या बायका तिथे गेलो, तेव्हा एका आजींनी विचारलं, “या लढाईत बाई कुठे होती गं?” आज त्याचंच उत्तर देतो.

१६६० साली मोगलांचा शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसला. चाकणचा किल्ला त्याने घेतला. मग कोकण काबीज करायला कारतलबखानाला पाठवलं. लोणावळ्याकडून घाट उतरून हे मोठं सैन्य खाली आलं. सोबत जड सामान, पायाखाली अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाट रान. महाराजांचे मावळे त्या रानात आधीच दबा धरून बसले होते.

२ फेब्रुवारी १६६१. फौज खिंडीत पुरती शिरली आणि वरून बाण, गोळ्या, दगड सुरू झाले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. माणसं तहानेने व्याकूळ झाली. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढलेल्या आपल्याला ती तहान वेगळी सांगायला नको.

त्या फौजेत एक बाई सरदार होती, माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन. रायबागन म्हणजे राजवाघीण, हा तिचा किताब. महाराजांच्याच काळात कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात तिची हकिकत आहे. खानाला तिने तोंडावर सांगितलं, की या रानात फौज घातलीत हीच चूक झाली. आता हट्ट सोडा, शरण जा, माणसं वाचवा.

खानाने ऐकलं. महाराजांकडे निरोप गेला. त्यांनी खंडणी घेतली आणि शरण आलेल्यांना जिवानिशी जाऊ दिलं. सगळे हातात सापडले होते, कापून काढता आले असते. तसं केलं नाही.

तेव्हा महाराजांनी एकतिशीही पुरी केली नव्हती. पुढे ६ जून १६७४ ला आपल्याच जिल्ह्यात, रायगडावर, त्यांना राज्याभिषेक झाला. ३ एप्रिल १६८० ला त्याच गडावर त्यांनी देह ठेवला.

हे ऐकून आजी म्हणाल्या, “ती तर शत्रूकडची. तिचं कौतुक कशाला?” आम्हाला वाटतं, करावं. विजय महाराजांचाच, त्यात वाद नाही. पण भरल्या छावणीत सेनापतीला “तुमचं चुकलं” म्हणणं सोपं नव्हतं. ग्रामसभेत नुसता हात वर करताना आपली छाती किती धडधडते! तिच्या त्या बोलण्याने कितीतरी घरांतली माणसं जिवंत परतली.

येत्या २ फेब्रुवारीला चावणीला या. महाराजांना मुजरा करा आणि सोबतच्या लेकीबाळींना रायबागनही सांगा.